गेरू लावणारे सर

मला मदत केली ती आमच्या सरांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटायचं की ही बाई त्यांची नक्कल करते आहे. नक्कल नाही. सुप्याच्या एमआयडीसीत पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत मी आज बसते ती त्यांच्यामुळं. मी आठवी पास. आठवीच्या पुढं आमच्या गावात वर्ग नव्हता आणि मुलीला तालुक्याला पाठवायला घरात कोणी राजी नव्हतं. गाव भंडारा जिल्ह्यात. इथून निघालं की गाडी बदलत बदलत अंग मोडून जातं, तेव्हा कुठं आमची धानाची बांधी दिसते.

सर सकाळी दारातून आत आले की पहिला शब्द, "दमलो बुवा." संध्याकाळी दमलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती. सकाळी डबा खुंटीला अडकवायच्या आधी दमलेला माणूस हा पहिलाच. त्यानंतर ते स्वेटर घालायचे. कॉम्प्युटरसाठी खोलीत एसी होता, त्यामुळं बाहेर मे महिन्यात डांबर वितळत असलं तरी सर आपले तपकिरी स्वेटरात. कारखान्यातली पोरं त्यांना 'काश्मीर' म्हणायची. सरांना ते माहीत होतं. एकदा जिन्यात कोणी तरी हळूच म्हणालं, तर सर थांबून म्हणाले, "काश्मीर न्हाई रे, कर्जत. आमच्याकडं थंडी बी उसनी आनावी लागती."

ते मूळचे नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडचे. बोलणं एरवी ऑफिसातलं, पण चिडले किंवा थकले की गावाकडचं. म्हणजे दिवसातला बराच वेळ गावाकडचंच.

जेवण प्रिंटरशेजारी उभ्यानं. बाजरीची भाकरी, वर ठेचा, आणि एका हातात कागद. खोलीत खुर्च्या नव्हत्या असं नाही. एक खुर्ची तर कायम रिकामी असायची. कोणी पाहुणा आला आणि टेकायला गेला की सर म्हणायचे, "उठा, उठा. ती उद्याच्या मानसाची हाय."

"कोण यायचंय उद्या?"

"ते मला काय माहीत? पन येनार. मी मरंन, न्हाईतर सोडून जाईन, न्हाईतर हाकलून देतील. मग कोनतरी येनारच ना? त्याला यातलं काही म्हाईत नसनार. त्याच्यासाठीच चाललंय हे सगळं."

पाहुणा मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन डोक्याशी बोट फिरवून दाखवायचा. साहेब हसून म्हणायचे, "आहेत जरा तसे. पण मशीन बंद पडलं की तेच लागतात."

'हे सगळं' म्हणजे काय ते सांगते. मला समजलं तेवढंच सांगते, त्यात चूक नसावी, कारण सरांनीच मला समजेपर्यंत सोडलेलं नाही.

आमच्या कारखान्याचे प्रोग्रॅम तीन माणसांनी लिहिले होते, तीन वेगवेगळ्या भाषांत. स्टोअरचा एका भाषेत, पगाराचा दुसऱ्या, पंपाची चाचणी घेणाऱ्या मशिनचा तिसऱ्या. तिघंही निघून गेलेले. एक अमेरिकेला, एक पुण्याला, आणि एकानं हे काम सोडून विम्याचा धंदा धरला. मागं राहिले हजारो ओळींचे हुकूम. कुठला हुकूम कशासाठी दिला ते सांगायला कोणी नाही. सरांना नोकरीवर घेतलं ते हे निस्तरायला.

आता प्रोग्रॅममध्ये हुकमांच्या मधेमधे माणसानं माणसासाठी एखादी ओळ लिहायची सोय असते. मशीन ती ओळ वाचत नाही, ओलांडून जातं. प्रत्येक भाषेत ती लिहायची तऱ्हा निराळी: एकीत ओळीच्या सुरुवातीला चांदणी, एकीत तिरकी रेघ, एकीत आणखी काही. सरांनी असं ठरवलं की तऱ्हा कुठलीही असो, आपल्या ओळीवर आपली एक खूण टाकायची. मग त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. तो सगळ्या फायलींतून फिरायचा, खूण असलेल्या ओळी तेवढ्या उचलायचा आणि त्यांची पानं तयार करायचा. पडद्यावर निळ्या अक्षरांत नावं यायची. नावावर क्लिक केलं की त्या कामाचं पान. हे काम दुसऱ्या ज्या कामाला हाक मारतं, म्हणजे मधेच बोलावून राबवून घेतं, त्याचं नाव पुन्हा निळं. त्यावर क्लिक केलं की तिकडं. इंटरनेट तेव्हा सुप्यात कोणी पाहिलेलं नव्हतं, पण सरांच्या त्या पानांतून मी गावभर हिंडावं तशी हिंडायची.

मी विचारलं होतं, "तीन भाषा एकाच प्रोग्रॅमला कशा समजतात जी?"

सर म्हणाले, "एकबी समजत न्हाई त्याला. आमच्याकडं धनगर मेंढ्या बसवायला आनतात ना शेतात, तवा दोन वाड्यांच्या मेंढ्या एकमेकींत शिरतात. धनगर काय मेंढीला तिचं नाव-गाव इचारतो का? पाठीवर गेरूचा ठिपका दिसला की आपली. संपलं."

म्हणून त्या खुणेला आमच्या खोलीत 'गेरू' म्हणायचे. "बाई, स्टोअरच्या फायलींना गेरू लावला का?" हे वाक्य ऐकून नव्यानं आलेला शिपाई भिंतीकडं बघायचा.

मी आधी पॅकिंगला होते. खोक्यांवर लेबलं चिकटवायची. नवरा दुसऱ्या एका शेडमध्ये प्रेसवर होता. त्याचा हात प्रेसमध्ये आला आणि तो घरी बसला. आम्ही दोघं भाड्याच्या खोलीत. परत जायचं तर दिराच्या घरी, जिथं आम्हाला कोणी या म्हणालेलं नव्हतं. पॅकिंगचं काम ठेकेदाराचं, आज आहे उद्या नाही. खोक्यावर लेबल तिरकं लागलं तर कोणी बघायच्या आत मी ते नखानं सोडवून पुन्हा लावायची.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सर कँटीनमध्ये एक छापील कागद घेऊन आले. ज्याला त्याला वाचायला द्यायचे आणि विचारायचे, "काय कळलं?" कागदावर महिन्याच्या शेवटी स्टॉक कसा मोजायचा ते होतं. सुपरवायझर म्हणाले, "समजलं सर." अकाउंटवाले म्हणाले, "एकदम क्लिअर." स्टोअरकीपर तात्यांनी तर न वाचताच मान हलवली. कागद फिरत फिरत माझ्याकडं आला. मी वाचला, आणि तोंडातून निघून गेलं, "इथं लिवलं हाये का बेरीज नेहमीप्रमाणे करावी. नेहमीप्रमाणे म्हंजे कशी जी? मी तं परवाच आली."

सगळं कँटीन हसलं. तात्या म्हणाले, "ओ भंडारावाल्या बाई, बेरीज करायला तुमाला कोन बोलावतंय? लेबलं लावा गुमान."

सर हसले नाहीत. त्यांनी कागद घेतला, तो शब्द खोडला, आणि उभे राहून त्या खोडलेल्या जागेकडं बघत राहिले. मला वाटलं, गेली नोकरी. दुसऱ्या दिवशी शिपाई बोलवायला आला तेव्हा तर खात्रीच झाली. जिना चढताना मी मनात ठेकेदाराशी बोलायची वाक्यं जुळवत होते.

सर म्हणाले, "बसा." बसायला तीच एक खुर्ची रिकामी होती. मी उभीच. "अहो बसा की. उद्याचा मानूस आलाय म्हनायचा आज."

माझं काम असं ठरलं: त्यांनी लिहिलेलं प्रत्येक पान मी मोठ्यानं वाचायचं आणि अडलं की थांबायचं. मशीनवर देवनागरी उमटवायची म्हणजे तेव्हा मोठं लचांड, म्हणून सर मराठीच लिहायचे, पण इंग्रजी अक्षरांत. इंग्रजी अक्षरं मला शाळेतली येत होती. मी अडले की सर माझ्यावर कधी रागावले नाहीत, पानावर रागवायचे. "हरामखोरा," असं पानाला म्हणून ते ओळ पुन्हा लिहायचे. पुढं मला टायपिंग शिकवलं, मग ओळींना गेरू लावायला शिकवलं. पण पगार मला मिळायचा तो मुख्यतः न समजण्याचा. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "न समजण्याचे पैसे देऊन राहिले? मंग मले बी ठेवा म्हन. मले तं काहीच नाही समजत."

तो हसला त्या दिवशी, पुष्कळ दिवसांनी.

'नेहमीप्रमाणे' हा शब्द आमच्या खोलीत बंद झाला. नुसता लिहिण्यात नाही, बोलण्यातसुद्धा. चहावाला पोऱ्या "नेहमीप्रमाणं दोन का?" म्हणाला तर सर म्हणायचे, "दोन कप, साखर कमी, असं म्हन." तो शब्द म्हणजे दाराला आतून लावलेली कडी, असं त्यांचं म्हणणं. आत आहेत त्यांना दिसत नाही, बाहेरच्याला लागते.

प्रत्येक पानावर ठरलेल्या गोष्टी असायच्या. हे काम काय करतं, काय घेतं, काय देतं, कोणाला हाक मारतं. शेवटची ओळ 'का'. ही 'का'ची ओळ सरांचा जीव खायची. हुकूम वाचून काय होतं ते कळतं, पण का केलं ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं. ते शोधायला सर पदरची रजा टाकून एस.टी.नं पुण्याला गेले होते, त्या दुसऱ्या माणसाकडं. परत आले ते अगदी विझलेले. मी विचारलं, "भेटले का जी?"

"दार उघडलं. पानी बी दिलं. म्हनला, सर, कशाला जुनं उकरता? आठवत न्हाई मला. मी म्हनलो, अरे बाबा, तूच लिवलंय. तर म्हनला, चालतंय ना? मग चालू द्या की." सरांनी स्वेटर घातलं. "चालतंय म्हनं."

मग त्या ओळीत सरांनी लिहिलं: 'का: माहीत नाही. लिहिणाऱ्याला विचारले. त्यालाही आठवत नाही.' अशी 'माहीत नाही' बरीच झाली होती. स्टोअरच्या प्रोग्रॅममध्ये एक जागा होती, तिथं सातनं सुरू होणाऱ्या नंबरचे व्हॉल्व्ह बेरजेतून वगळलेले. का? माहीत नाही. सर म्हणायचे, "लाज न्हाई यात. विहिरीत पानी नसलं तर तसं लिवावं. न्हाईतर मानूस पोहरा सोडत बसतो."

दोन हजार साल जवळ येत चाललं तशी सगळीकडं एकच भीती, की तारखा बदलल्या की मशिनं बंद पडणार. आमच्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून मोठे साहेब तपासणीला येणार असं ठरलं. त्याच सुमारास मॅनेजर साहेबांच्या टेबलावर माझं पर्मनंट करण्याचं पत्र पडून होतं. सरांनीच टाइप करून दिलं होतं, सही तेवढी राहिलेली. ती सही झाली की आम्हाला दिराच्या दारात उभं राहायची वेळ कधीच येणार नव्हती. मी रोज कुठल्या ना कुठल्या निमित्तानं केबिनवरून जायची आणि ते पत्र त्याच जागी दिसतं का बघायची.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी साहेब वर आले. म्हणाले, "दाखवा तुमची पानं. उद्या मला सांगता आलं पाहिजे." सरांना आनंद झालेला मी पाहिला. त्यांनी स्वतः माउस साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी एक निळं नाव दाबलं, दुसरं दाबलं. "वा. छान केलंय." मग थांबले.

"सर, हे काय? का, माहीत नाही." आणखी एक दाबलं. "इथंही माहीत नाही. हे आपण मुंबईच्या लोकांना दाखवायचं?"

"मला माहीत न्हाई तर काय लिहू साहेब?"

"काहीही लिहा. पण आपल्याच कारखान्यात काय चाललंय ते आपल्यालाच माहीत नाही, असं मी उद्या छापून देऊ? खोडून टाका हे पानांवरनं."

"पानांवर काही खोडता येत न्हाई. पानं प्रोग्रॅममधनं निघतात. मुळात खोडलं तर पानातनं जातं. आणि मुळात मी खोडनार न्हाई."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं, आणि त्यांच्या कपाळावर त्या एसीत घाम होता. ते म्हणाले, "सर, उद्या हे लोक नाराज झाले तर हा सेक्शन बंद करून काम बाहेर देतील. तुम्ही कुठंही जाल. या बाई कुठं जातील? यांचं पत्र मी रोज उघडून बघतोय." मग माझ्याकडं वळले. "बाई, तुम्हालाही येतं ना यात टाइप करायला? तुम्हीच करून टाका."

येत होतं. सगळं येत होतं. माझे हात मांडीवर होते आणि ते तिथंच राहिले. सरांकडं बघवेना म्हणून मी कीबोर्डकडं बघत होते.

सर म्हणाले, "बाईच्या हातनं नको. तिला मी हे शिकवलं न्हाई. सरका."

त्यांनी मशीन पुढं घेतलं. चष्मा कपाळावर सारला आणि पडद्याला नाक लागेल इतके वाकून बसले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, अक्षरं अशीच बघावी लागायची. एकाच हुकमानं सगळ्या फायलींतलं 'माहीत नाही' आणि त्या ओळीतलं त्यापुढचं काढायचं आणि तिथं दुसरा शब्द घालायचा. तो दुसरा शब्द त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर दाबून टाइप केला. मी बाजूलाच होते. 'नेहमीप्रमाणे.'

पानं पुन्हा निघाली. का: नेहमीप्रमाणे. का: नेहमीप्रमाणे. साहेब म्हणाले, "हां, आता कसं वाचायला बरं वाटतं." ते खाली गेले, आणि थोड्या वेळानं शिपाई माझं पत्र सहीसकट घेऊन आला. मी ते हातात धरून उभी. सर म्हणाले, "घरी जाऊन दाखवा. जा." आणि स्वतः त्या उद्याच्या माणसाच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथं बसलेलं त्यांना मी त्या आधी पाहिलं नव्हतं.

मुंबईच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी चार निळी नावं दाबली, "व्हेरी नाइस" म्हणाले, चहा घेतला आणि गेले. एकानंही 'का' वाचलं नाही.

त्यानंतर सर फार दिवस राहिले नाहीत. भांडण नाही, काही नाही. डोळे काम देत नाहीत असं लिहून दिलं. पण त्या दिवसानंतर ते पानावर रागवायचे बंद झाले होते, ते मला दिसत होतं. मी ओळ वाचताना अडले तरी नुसते "असू द्या" म्हणायचे. हे 'असू द्या' माझ्यामुळं आलं, असं मला वाटायचं.

जायच्या दिवशी मी धीर करून विचारलंच. "सर, तुम्ही दुसरा कोणताबी शब्द टाकला असता. तोच काहून टाकला जी? तुम्हाला तं तो चहात बी चालत नव्हता."

ते स्वेटरची घडी घालत होते. म्हणाले, "म्हनूनच. 'योग्य कारणासाठी' टाकलं असतं तर ते आपल्याच खऱ्या लिवन्यात मिसळून गेलं असतं. कुठलं खरं, कुठलं झाकलेलं, कसं कळनार पुढच्याला? ह्यो शब्द आपल्याकडं कुठंच न्हवता. शोधला की जेवढा सापडंल तेवढा सगळा खोटा." मग घडी पिशवीत ठेवत, "तुमाला कळलं असंल वाटलं मला."

मला कळलं नव्हतं. शेवटच्या दिवसापर्यंत न समजण्याचं माझं काम मी चोख केलं.

ते गेल्यावर मी तो शब्द शोधला. मशिननं एकेक जागा पुढं आणून ठेवली. रोजचं काम उरकलं की मी एक जागा घेते. कोणाला विचारायचं ते हुडकते. सातनं सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हचं कारण तात्यांकडंच निघालं. कँटीनमध्ये मला हसले तेच तात्या. मी विचारलं तर म्हणाले, "आगं बाई, ते व्हय? सात नंबरचा माल पलीकडच्या गोदामात असायचा. ते गोदाम तवा दुसऱ्याच मालकाचं हुतं, मंग आपल्यात कसं मोजनार? आता गोदाम आपलंच हाय की, लई दिवस झाले. मला कुनी इचारलंच न्हाई." मी ते तसंच लिहिलं, तात्यांच्या नावासकट, आणि वर गेरू लावला. ज्या जागांचं कारण कोणाकडंच निघत नाही, तिथं 'माहीत नाही' परत लिहिते. नवे मॅनेजर आलेत, त्यांनी अजून काही म्हटलेलं नाही. म्हणतील तेव्हा काय करायचं, या विचारानं दुपारी माझा चहा गार होतो.

मध्यंतरी कर्जतकडचा एक टेम्पोवाला माल घ्यायला आला होता, त्याला सरांची चौकशी केली. म्हणाला, बरे आहेत, पण हातानं चाचपत चालतात. डॉक्टरनं नगरला ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलंय, पण सोबत राहायला कोणी नाही. बायको आधीच गेलेली, मुलगा लांब. विचारलं की म्हणतात, दमलो बुवा, पुढच्या वर्षी बघू.

सर, तुम्ही हे वाचू शकणार नाही, कोणी तरी वाचून दाखवील. पर्मनंट माणसाला रजा मिळते. तुमच्यामुळं मलाही मिळते, आणि मी आजपर्यंत त्यातली एकही घेतलेली नाही. सणाला नाही, भावाच्या लग्नाला नाही, ताप आला तेव्हासुद्धा नाही. ती सगळी मी तुमच्यासाठी साठवून राहिली जी. नवऱ्याचा हात आता बरा आहे, तो गाडी चालवतो. एक दिवस आम्ही दोघं कर्जतला येऊ, तुम्हाला नगरच्या दवाखान्यात नेऊ, आणि पट्टी निघेपर्यंत तुमच्या खाटेशी मी बसेन. तुम्ही नाही म्हणाल. म्हणा.